सोळा आणि समोर दहा

टेबलावर दोन बोटांनी टकटक करायची आणि म्हणायचं, "घाबरला तो थांबला." अमेरिकेतल्या चँडलर गावी ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या नागपूरकराची ही सवय. मीटिंगमध्येही त्याची टकटक चालायची.

सवय ब्लॅकजॅकची, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराची. शनिवारी दुपारी तो मला कॅसिनोत न्यायचा, लहानात लहान पैज लावायचा आणि कधी पान मागायचं, कधी थांबायचं हे सांगणाऱ्या खिशातल्या तक्त्याबरहुकूम खेळायचा. पानांची बेरीज एकवीसच्या पुढे गेली की डाव गेला. सगळ्यात वाईट म्हणजे आपले सोळा आणि पानं वाटणाऱ्या डीलरसमोर दहाचं पान. "दोन्हीकडून मरणच आहे यार. पण पान मागितलं तर जरा कमी वेळा मरतो." मागायचं म्हणजे टकटक, थांबायचं तर हात आडवा फिरवायचा. थांबणाऱ्यांची तो मनापासून कीव करायचा. असे हिशेबी लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्याजवळ बसलं की उगाच धीर येतो.

मग नागपूरला त्याच्या आईने अंथरूण धरलं. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. इथे राहायला हरकत नव्हती, पण एकदा देशाबाहेर पडलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि तो कधी मिळेल हे कोणीच सांगत नव्हतं. बायको, मुलगी, नोकरी, सगळं इथे. "पुढच्या आठवड्यात बघतो," असं तो तीन आठवडे म्हणत राहिला. टकटक बंद झाली. मला त्या शांततेचीच भीती वाटू लागली.

एका शनिवारी त्याला सोळा आले, समोर दहा. त्याने तक्ता काढून पाहिला आणि हात आडवा फिरवला. डीलरची बेरीज एकवीसच्या पुढे गेली आणि तो जिंकला. "चुकीचं खेळलो," तो पुटपुटला आणि उठला. गाडीत बसल्या बसल्या त्याने फोनवर तिकीट काढलं.

"घाबरून बसलो ना बे मी. आई वाट बघतेय तिकडे."

आई भेटली. चार दिवस होती. शिक्का काही मिळाला नाही, नोकरी गेली, मागोमाग बायको-मुलगीही नागपूरला गेल्या. जाताना वहिनींनी तो तक्ता माझ्या हातात ठेवला.

माझ्याही व्हिसाची मुदत संपली आहे. साताऱ्याला बाबा एकटे असतात आणि दर रविवारी फोन करतात. काल मंगळवारीच त्यांचा फोन आला.

"काही नाही रे, जरा दम लागतोय. तू कधी येतोस?"

मी टेबलावर दोन बोटं टेकवली. वाजवली नाहीत.

"पुढच्या आठवड्यात बघतो, बाबा," मी म्हणालो.