उजवी कळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय, कारण आता गप्प बसायचं नाही असं ठरवलंय — आणि ठरवलेलं मोडायची माझी सवय मला चांगली ठाऊक आहे.

आम्ही पिंपळे गुरवचे, भैरोबाचे पुजारी. मी चाकणला कंपनीत लागलो, तरी पूजेची पाळी येतेच, आणि पाळी आली की कौलही लावावा लागतो. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली कळी चिकटवायची. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लोक जागेचे सौदे, पोरींची लग्नं त्यावर ठरवतात. मला मनातून हसू यायचं. कळी सुकली की पडणारच — त्यात देव कुठून आला?

पण आईचं अंग लुळं पडलं, तेव्हा मीच देवाला विनवत होतो, कुणीतरी माणूस मिळू दे. लातूरकडच्या कांताबाई मिळाल्या. आईला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, वर तिची बोलणीही खायच्या. देवानं ऐकलं, असं मी चारचौघांत सांगायचो.

मग त्यांच्या गावाकडून निरोप आला — आई आजारी आहे, ये. आमच्या आईला सोडून जाववेना त्यांना. "दादा, कौल लावून बघा की. देव म्हनंल तसं करते मी."

जा म्हणायला कौल कशाला हवा होता? पण बायकोही नोकरीला; त्या गेल्या तर आईचं कोण करणार, मी शिफ्ट कशी गाठणार? गाभाऱ्यात शिरलो. उजवी कळी गंधात घट्ट दाबून बसवली. डावीला नुसता पाण्याचा हात लावला. कांताबाई पदर पसरून, डोळे मिटून बसल्या होत्या.

आणि उजवी पडली.

गंधाचं वजन झालं असेल, हात चुकला असेल — मागाहून स्वतःला काय काय सांगून पाहिलं! त्या क्षणी मात्र मला शंका नव्हती. माझ्या लबाडीला न जुमानता उत्तर आलं होतं, आणि ते मला कळलं होतं. कांताबाईंचे डोळे मिटलेलेच होते. मी उजवी कळी मुठीत घेतली, डावी बोटानं पाडली आणि म्हणालो, "डावा झाला, कांताबाई."

"बरं," म्हणाल्या, आणि आईला भरवायला गेल्या.

आठवडा सरायच्या आत त्यांची आई गेली. मातीलाही त्या पोचल्या नाहीत. रडून झाल्यावर म्हणाल्या, "देवाच्या मनात कायतरी आसंल." देवावर चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुढं माझी आईही गेली, त्यांनी दुसरीकडं काम धरलं, पण रविवारी देवाला नारळ अजून आणतात.

देव ऐकतो का, असं शिफ्टमधली पोरं मला चेष्टेनं विचारतात. मी विषय बदलतो. काय सांगू? एकदा उत्तर आलं होतं, ते मी मुठीत चुरगळलं?

या रविवारी पाळी माझी आहे. कांताबाई येतील, नारळ पुढं करतील. तो हातात घ्यायच्या आधी मी त्यांना सांगणार आहे — त्या दिवशी देव जा म्हणाला होता.