हळदीकुंकवातली साक्ष

२०१७च्या जानेवारीत आमचं कॅनडातलं, हॅमिल्टनचं घर विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे ह्यांनी आणि ओटावातल्या मुलानं फोनवर ठरवलं, आणि मला कळलं ते एजंट हॉलचे फोटो काढायला आला तेव्हा. मी त्याला चहा दिला. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे माझ्या सहीशिवाय ते विकता येणार नव्हतं. पण ती सही मी करणारच, असं सगळे धरून चालले होते. कणीक भिजवताना पाण्याला कुणी विचारत नाही.

पुढे राहायचं होतं ते मुलाकडे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, इट्स अ वॉकआउट बेसमेंट. युअर ओन वॉशरूम अँड एव्हरीथिंग." तळघराला कितीही गोंडस नाव दिलं तरी ते तळघरच. लग्न होऊन आले ती याच गावात. इथला बर्फ मी शोव्हल केला, इथे माझ्या मैत्रिणी, लायब्ररी चालत जाण्याच्या अंतरावर. तिकडे मी मुलाच्या तालावर उठणार, सुनेच्या तालावर झोपणार. मला जायचं नव्हतं. आणि हे कुणाला सांगायचं तेच कळत नव्हतं, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात बुधवारी दुपारी लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी एक वर्ग चालायचा. आइसलंडच्या जुन्या गोष्टी, शेकडो वर्षांपूर्वी लिहिलेल्या. शिकवणारीचे पणजोबा तिथून मॅनिटोबात आलेले. मी जायला लागले ती खरं म्हणजे उबेसाठी, आमच्या घरी हे थर्मोस्टॅटला हात लावू देत नसत. पण एका गोष्टीतल्या बाईनं मला धरूनच ठेवलं.

हट्टी, तिखट जिभेची. बापानं न विचारता लग्न लावलं. नवऱ्यानं तिच्या माहेरच्या गाई न विचारता कुणाला तरी देऊन टाकल्या. ती रडली नाही, भांडलीही नाही. शेजाऱ्यांना बोलावून साक्षीला ठेवलं, आधी बिछान्यापाशी आणि मग दारात उभी राहून म्हणाली, मी या माणसाला सोडते. झालं. साक्षीदारांसमोर बोललेलं त्या देशात पक्कं, ते मागे घेता येत नाही. पुढे भावांनी तिचं दुसरं लग्नही तसंच, न विचारता ठरवलं. तिथं मी पुस्तक मिटलं आणि बरेच दिवस उघडलं नाही.

तरी त्या दारातल्या बोलण्याचा मला हेवा वाटत राहिला. आम्ही जे काही बोलतो ते ओट्यापाशी, एक्झॉस्ट फॅन चालू असताना. साक्षीला कोण, तर कुकर.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. पुरुष खाली बेसमेंटमध्ये हॉकी बघत बसले होते, वर आम्ही बायका, तिळगूळ, काळ्या साड्या आणि साड्यांखाली लोकरीचे मोजे. उखाण्यांची वेळ झाली आणि मला एकदम सुचलं, की साक्षीदार तर इथेच बसलेत. माझी पाळी आली तेव्हा मी उठून उभी राहिले. म्हटलं,

दारी साचला बर्फ, घरी उकळतो चहा,
अमुकराव निघाले ओटावाला, मी इथेच राहणार, पाहा.

(नाव इथे गाळते आहे, तिथे चांगलं खणखणीत घेतलं होतं.) मग सगळ्या खदखदून हसल्या. एक तरुण मुलगी म्हणाली, "काकू, बेस्ट. परत एकदा घ्या ना, मी व्हिडिओ करते." मी पुन्हा घेतला, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. पुन्हा टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींत नाही म्हटलं, आणि तेही उखाण्यात, जिथं म्हटलेलं कुणी खरं धरत नाही. मग यजमानणीनं सगळ्यांना वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटले.

पुरुष जेवायला वर आले तेव्हा त्यांना तो व्हिडिओ दाखवला गेला. ते सगळेही हसले. फक्त हे हसले नाहीत.

निघताना ड्राइव्हवेत ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव." मी शेजारी असताना ह्यांनी कधी गाडी माझ्याकडे दिली नव्हती. मला वाटलं, रागावलेत. चांगलंच झालं, रागावू देत, म्हणजे भांडता तरी येईल.

पहिल्या सिग्नलला हे म्हणाले, "उजव्या डोळ्यानं मला समोरचं दिसत नाही. मध्ये नुसता डाग दिसतो. डावाही त्याच वाटेवर आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"काय करणार होतीस तू? रडली असतीस."

"रडले असते. मग?"

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे म्हणाले, "मुलाजवळ असलेलं बरं, असं वाटलं मला. तुला तिथं आवडणार नाही, ठाऊक आहे. येशील का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हुकूम असता तर मी नाही म्हटलं असतं, तयारच होते मी. पण हे विचारत होते. मला ह्यांची दया आली आणि तितकाच संताप आला. दिवाळीत विचारलं असतं तर कदाचित मी आपणहून हो म्हटलं असतं. आता हो म्हणणं माझं राहिलं नव्हतं आणि नाही म्हणणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. त्या गोष्टीतल्या बाईला आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही. म्हणून तिला दारात उभं राहून बोलता आलं.

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला.

"येईन," मी म्हटलं.

ह्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला. तो आधी गिअरवर पडला.