जयराम भुवडच्या नावावर

दुपारी बारा ते तीन उन्हात काम घ्यायचं नाही, असा या देशाचा कायदा आहे. कामगाराच्या जिवाची काळजी म्हणून. हसू नका, खरंच आहे. आम्ही फरशी बसवणारे अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर पुठ्ठे टाकून आडवे होतो. डोळे मिटलेत, कान अजून जागे आहेत. शेजारी बंगाली कबीर घोरतोय. त्या घोरण्यातूनच कुणीतरी म्हणतं, "सरक रे जयराम, जागा दे."

येशादादा. यशवंत पालशेतकर. आमच्याच वाडीतला, माझ्या घरापासून चार घरं सोडून. मला इथे आणून हातात थापी देणारा तोच. तो गेला त्याला आज एक्केचाळीस दिवस झाले आणि शवागारातून तो अजून बाहेर पडलेला नाही. हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी मी सरकतो.

"केवढा गार पडलायस," मी म्हणतो.

"पडणारच. जन्मात पहिल्यांदा एसी मिळाला, तोही तुझ्या नावावर."

तो चेष्टा करतोय, पण मला हसू येत नाही. कारण ते खरं आहे.

इथे आपला पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आपल्याला आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात राहतो. ओळखपत्र त्यानेच दरवर्षी नवं करून द्यायचं. येशादादाचं त्याने सात महिने केलं नाही. दादाने दुसरीकडे काम धरलं, तर पळाला म्हणून पोलिसांत नाव दिलं. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना. त्यात दादाच्या छातीत दुखायला लागलं. कार्डाशिवाय दवाखान्यात गेलं, तर डॉक्टरच्या आधी पोलीस येतात. मी माझं कार्ड काढून त्याच्या खिशात घातलं. आमच्या खोलीची रीतच आहे, ज्याचं कार्ड चालू ते सगळ्यांचं. फोटोतला माणूस कोण निरखतोय? दोघांनाही दाढी, दोघांचेही डोळे सिमेंटने लाल. तिसऱ्या दिवशी तिथे जयराम भुवड मेला. मी तेव्हा खोलीवर त्याच्यासाठी पेज शिजवत होतो.

"करपली असेल," येशादादा म्हणतो. आम्ही आता काचेच्या खिडकीपुढे रांगेत उभे आहोत. रांगेत सगळे पांढऱ्या चादरी लपेटलेले, प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी.

"इथे पण रांग?"

"मग? मेलं म्हणून कफीलची सही चुकते होय? तुझ्या नावाच्या कागदावर तो सही करेना, म्हणून मी इथेच."

"मी जाऊन खरं सांगितलं, तर फसवणूक केली म्हणून मला आत टाकतील," मी म्हणतो. "हात दाखवून अवलक्षण."

"आणि नाय सांगितलंस तर?"

"तर तू आत."

"हं," तो म्हणतो. "म्हणजे एक जण आतच."

मला राग येतो. त्याचा नाही. मग कुणाचा, तेही सांगता येत नाही. मालकाला कधी नीट पाहिलेलं नाही आणि कायद्याला तोंडच नाही. शिव्या घालाव्यात तर कुणाला?

खिडकीतला माणूस "नाव?" म्हणून विचारतो, आणि खिडकी एसटीची होते. गुहागरचा स्टॅंड, भज्यांचा वास, आमच्या वाडीची गाडी घरघरतेय. कंडक्टर येशादादाला चढू देत नाही.

"तिकीट भुवडच्या नावावर आहे. तुम्ही पालशेतकर."

"आयला, एसटीला कधीपासून नाव लागायला लागलं?" मी ओरडतो. गाडी सुटते. आम्ही तिच्यात नाही, पण आम्ही वाडीत आहोत.

येशादादाचं अंगण. सुगंधावहिनी कपडे वाळत घालतायत. तो पायरीशी थांबतो, केस सारखे करतो. वहिनी वळतात, थेट त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "या जयरामभावोजी. हे नाय आले?"

मला त्याच्याकडे बघवत नाही. वहिनी दोरीवर त्याचाच सदरा टाकतात आणि आत जातात.

"तिला काय लिहितोस माझ्या नावाने?" तो विचारतो.

त्याचा फोन माझ्याकडे आहे. मीच तो होऊन लिहितो. काम फार आहे, आवाज बसलाय.

"एक्केचाळीस दिवस आवाज बसतो होय रे?"

"त्या चिडतात. परवा विचारलं, तिकडे बाई ठेवलीत काय?"

तो पोट धरून हसतो. "मग?"

"नाय ठेवली, म्हणून लिहिलं."

"शाबास." हसता हसता तो पायरीवर बसतो. "वटपौर्णिमेला दिवसभर उपाशी राहिली ती. वडाला फेऱ्या मारून आली, जयराम. माझ्या आयुष्यासाठी. आणि मी शवागाराच्या त्या खणात पाय लांब करून पडलोय. मढं नको नेऊस माझं, नाय जमायचं तुला. तिला एवढं सांग. बाकी काय नको."

"सांगितलं की सगळं बाहेर येईल. मी मरेन, दादा."

"तू तर मेलायसच," तो शांतपणे म्हणतो आणि माझा उजवा हात धरतो. सोडत नाही. अंगण, पायरी, सदरा सगळं पांढरं होत जातं आणि तो हात तेवढा धरलेला.

मी उठतो. बाहेर ऊन भाजतंय, बनियन घामाने चिकटलीय, आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत गार आहे. नखं निळी. पाणी देताना कबीरचं बोट माझ्या बोटांना लागतं आणि तो दचकतो. "बरफ पकडा था क्या?"

खिशात येशादादाचा फोन थरथरतो. वहिनींनी आज लिहिलेलं नाही, आवाज पाठवलाय.

"अहो, ऐकताय ना? पोलीसपाटील आलेत. जयरामभावोजी गेले म्हणून कागद आलाय, म्हातारीचा अंगठा मागतायत. आणि म्हातारी म्हणते, माझा जयराम आज सकाळीच बोलला माझ्याशी. कागद खोटा म्हणावा, तर दवाखान्याचा शिक्का आहे." मग नुसता श्वास. मागे कुणाची तरी कोंबडी ओरडतेय. "मग तिथे गेलंय कोण हो? बोला तुम्ही. लिहू नका. बोला."

तीनची शिट्टी होते. सगळे पुठ्ठे गोळा करतात. त्या गार बोटानेच मी बटण दाबून धरतो.

"वहिनी," मी म्हणतो, "जयराम बोलतोय."