तो पडद्याकडे बघत नव्हता

ती कोरियन मालिका आमच्या घरात मुलीने आणली. दोन भाग बघून ती कंटाळली आणि वर आपल्या खोलीत अभ्यासाला गेली. खाली सोफ्यावर आम्ही नवरा-बायको मात्र अडकलो. गोष्ट कुठल्या तरी काल्पनिक, फार प्राचीन देशातली. राजा नावाचा प्रकार अजून कुणाला सुचलेला नाही. नुसत्या टोळ्या आहेत, पांढऱ्या दगडांच्या तटबंदीचं एकच शहर आहे, आणि तिथली मुख्य पुरोहितीण दगडाला कान लावून देव काय म्हणतात ते ऐकते. दलदलीतल्या मीठ काढणाऱ्या टोळीतली एक मुलगी त्या शहरात शिरते आणि पुढची सगळी उलथापालथ तिच्यामुळे होते. मी त्याला आटपाट नगर म्हणायचे. "आज आटपाट नगर बघायचंय का?" असं विचारलं की नवरा भांडी भराभर डिशवॉशरमध्ये लावायचा.

रोज एक भाग, दोघांनी मिळून. एकट्याने पुढे जायचं नाही. हा नियम त्यानेच केला होता.

लग्नाला वीसेक वर्षं झाली की संध्याकाळी बोलायला फार काही उरत नाही. मुलीची शाळा, पुण्याला केलेले फोन, गॅसचं बिल. मालिकेमुळे आम्हाला भांडायला निरुपद्रवी विषय मिळाला. तो इंजिनियर, त्यामुळे शंका फार.

"यांना लोखंड अजून सापडलेलं नाही ना? मग ही तलवार कशाची?"

"काशाची असेल. बघ गुपचूप."

"आणि तो घोडा बघ. खोगीर कधी शोधलं म्हणे यांनी?"

"अरे, ती बाई दगडाशी बोलते ते चालतं तुला. खोगिराने काय घोडं मारलंय?"

असं चालायचं. त्यात बापाला 'आप्पा' म्हणून हाक मारणारी कोरियन पोरं आली की आम्ही दोघंही हसायचो. त्याच्या काकांना घरात सगळे आप्पाच म्हणतात; ते थेट त्या शहराच्या वेशीवर उभे असल्यासारखं वाटायचं.

त्या शहराचा एक कायदा होता. परक्या टोळीच्या माणसाला वेशीच्या आत राहायचं असेल तर आतल्या कुणीतरी त्याला जामीन राहायला हवं. जामिनाने हात काढून घेतला की त्या माणसाला तटाबाहेर काढायचे. मुलगी पाणी प्यायला खाली आली होती, तेव्हा तिने हा प्रसंग पाहिला. "आई, धिस इज लिटरली इमिग्रेशन," म्हणाली आणि ग्लास घेऊन वर गेली.

तिचं बरोबरच होतं. आम्हीही या डच लोकांच्या देशात जामिनावरच होतो. नवऱ्याची कंपनी आर्नहेमला, वीज क्षेत्रातली. आमच्या हूफडॉर्पहून ट्रेनने दीडएक तास. त्याच्या नोकरीवर त्याचा परवाना, त्याच्या परवान्यावर माझा आणि मुलीचा. कायमच्या परवान्याला अजून दोन वर्षं अवकाश होता. मी लायडनच्या सायन्स पार्कमध्ये एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम करत होते. आठवड्यातून तीन दिवस. मुलीची शालान्त परीक्षा पुढच्या वर्षी, डच भाषेतून. मधेच उचलून पुण्यातल्या बारावीत बसवता येईल अशी ती राहिली नव्हती. मराठी तिला समजतं, पण निबंध लिहायला सांगितला तर रडेल. आमचं सगळं नियोजन एवढ्या एका गोष्टीभोवती होतं, की ती परीक्षा इथे पार पडेपर्यंत कुणी हलायचं नाही.

त्या वसंतात नवरा घरून काम जास्त करायला लागला. मी लायडनला जायचे त्या दिवशी तो घरी असायचा, माझ्या सुट्टीच्या दिवशी आर्नहेमला जायचा. मला बरंच वाटलं. घरी आले की कपडे वाळवून घडी केलेले असत. एकदा तर त्याने कढीपत्त्याची कुंडीही बदलली होती. मालिकेतल्या शंकाही कमी झाल्या. माणूस वयाने निवळतो, असं मी मनाशी म्हटलं. किती समजूतदार झालाय, हेही म्हटलं.

मग काही बारीक गोष्टी खटकायला लागल्या. मालिकेत लढाईचं शिंग फुंकतात, त्याचा आवाज कान फाटेल असा. वर मुलीचा अभ्यास चालू असतो म्हणून आम्ही घाईघाईने आवाज कमी करायचो, शिंग वाजून गेल्यावर. आता त्याचा हात आधीच रिमोटकडे जायला लागला. शांत नदी, बायका कपडे धुतायत, आणि हा आवाज कमी करतोय. मग शिंग. मी म्हटलं, असेल सवय.

मे महिन्यातली गोष्ट. टोळीप्रमुखाची बायको, जी इतके भाग शहराशी एकनिष्ठ होती, ती हातात दिवा घेऊन वेशीच्या दाराशी येते. मी थोडी पुढे सरकून बसले होते. सहज बाजूला बघितलं तर नवरा पडद्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. आपण आधी पाहिलेला सिनेमा दुसऱ्याला दाखवताना त्याच्या तोंडाकडे बघतो ना, तसं. आता हिला धक्का बसेल, अशी वाट बघत.

बाईने अडसर काढला. शत्रू आत आले. मी पॉज केलं.

"तू हे बघितलंयस."

"हो... म्हणजे थोडंसं. पुढे गेलो मी जरा."

"किती पुढे?"

तो सोफ्यावरची उशी सारखी करायला लागला.

"किती?"

"सगळे बघितले."

मला हसायलाच आलं. नियम याचा आणि मोडला यानेच. "चोर कुठला! कधी बघितलेस? ट्रेनमध्ये?"

ट्रेनमध्ये, एवढं म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. लांबचा प्रवास, कानात हेडफोन, सोपं होतं. पण तो म्हणाला, "दिवसा." आणि मग चेहऱ्यावरून हात फिरवत राहिला. दिवसा हा माणूस कामावर असतो. माझं हसू तिथे थांबलं.

नोकरी मार्चअखेर गेली होती. पूर्ण विभागच बंद केला होता. शेवटचा दिवस होऊन गेला होता, लॅपटॉप परत दिला होता, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी तो जी बॅग घेऊन बाहेर पडायचा तिच्यात डबा, टॅब्लेट आणि हेडफोन असायचे. हूफडॉर्पच्या लायब्ररीत बसायचा. सकाळी अर्ज पाठवायचा, दुपारी आटपाट नगर. संध्याकाळी तेच माझ्याबरोबर परत, पहिल्यांदा बघत असल्यासारखं.

नोकरी गेली की दुसरी शोधायला सरकार तीन महिने देतं. त्यातला निम्मा काळ संपला होता आणि मला आज कळत होतं.

पण मला त्याहून वेगळं काहीतरी आठवत होतं. एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या वरिष्ठ बाईंनी मला विचारलं होतं की गुणवत्ता विभागात पूर्णवेळ येतेस का. पाच दिवस, पगार चांगला, वेळ दिवसाची. मी घरी येऊन त्याला सांगितलं होतं. तो भेंडी चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "बघ बाई. झेपणार आहे का तुला? घाई काय आहे?" मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून आले होते. पूर्णवेळाच्या त्या पगारावर परवाना माझ्या नावावर होऊ शकला असता.

"मी नाही म्हणाले तेव्हा तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला वाटलं, आठवडाभरात काहीतरी जमेल. तुला कशाला उगाच टेन्शन."

"मला टेन्शन नको म्हणून?"

"अगं, घाबरलो होतो मी. तिथे लायब्ररीत बसल्यावर ते बघताना... तेवढा वेळ कुणी मला विचारत नव्हतं, पुढे काय म्हणून."

हे तो खरं बोलत होता. मला ते समजलंही. पण मीही कुठे विचारत होते? मी भेंडीच्या भाजीसाठी कोकम शोधत होते.

"आता शेवटही सांगून टाक," मी म्हटलं.

"कसला?"

"मालिकेचा. तेवढं तरी तुझ्या तोंडून आधी कळू दे."

त्याने सांगितला. मिठाच्या टोळीतली मुलगी पुरोहितीण होते, जो तिला जामीन राहिला होता त्यालाच तटाबाहेर काढते, आणि गोष्ट तिथेच अर्धवट सुटते. पुढचा सीझन कधी येईल कुणाला माहीत नाही. मी टीव्ही बंद केला.

मुलीला सकाळी सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी बापाकडे वळली. "होल सीझन? विदाउट आई?" मग माझ्याकडे. "ओके, जस्ट टेल मी. माझी एक्झाम इथे होणार की नाही?"

"होणार," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाच माहीत नव्हतं.

गुणवत्ता विभागातली जागा तोवर भरली होती. युरोपातलाच एक तरुण, ज्याला परवाना-बिरवाना लागत नाही. मी वरिष्ठ बाईंकडे गेले.

"पण तू म्हणाली होतीस, घरी तुझी गरज आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणाले होते."

"मग आता काय बदललं?"

"नवऱ्याची नोकरी गेली."

"अरे रे. कधी?"

"तेव्हाच."

डच माणसं आडपडदा ठेवत नाहीत. "आणि तुला माहीत नव्हतं?" त्यांनी सरळ विचारलं. मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी काही न विचारता संगणकाकडे तोंड वळवलं, माझ्यावर उपकार केल्यासारखं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं असेल तर ते. तोपर्यंत त्या मला हुशार बाई समजत होत्या.

त्यांच्याकडे एकच पूर्णवेळ काम शिल्लक होतं, कुणी घेत नव्हतं असं. साठवणीतल्या नमुन्यांची देखरेख, पाळ्या फिरत्या, शनिवार-रविवार धरून. पाळीचा भत्ता मिळवून पगार परवान्याच्या मर्यादेच्या जेमतेम वर जात होता. मी तिथेच हो म्हटलं. कंपनीने अर्ज केला आणि मुदत संपायच्या आत परवाना माझ्या नावावर झाला. नवरा माझा आश्रित म्हणून राहिला. नातेवाइकांना आम्ही सांगितलं, तिला बढती मिळाली. पेढे मागितले लोकांनी.

बाकीचं वर्ष मी नमुन्यांच्या शीतगृहात काढलं. जाड कोट, जाड हातमोजे, तरी बोटं सुजायची. मुलीची परीक्षा इथे झाली, ती पास झाली, तिची शाळेची पिशवी इथल्या रिवाजाप्रमाणे घराबाहेर झेंड्याच्या काठीवर लटकली. नवऱ्याने ती लटकवली. स्वयंपाक, कपडे, बाजार, सगळं तो नीट करत होता. त्याबद्दल मला तक्रार नाही. मी मालिका पुढे पाहिली नाही, आणि आम्ही दुसरी सुरूही केली नाही. संध्याकाळी मी घरी असले तर लवकर झोपते.

मग त्याला आइंडहोवेनला नोकरी लागली. चांगली, आधीच्यापेक्षा मोठी. पहिल्या आठवड्यातच घरी आला तो खुशीत.

"कंपनी म्हणतेय, परवाना माझ्या नावावर परत करून घेता येईल. म्हणजे तू ही शनिवारची कटकट सोड. परत तीन दिवस कर. पूर्वीसारखं."

"नको."

"अगं, बोटं बघ तुझी."

"बघितली आहेत. तरी नको."

"म्हणजे आता जन्मभर हेच धरून बसणार आहेस तू?"

"धरून बसायला मला वेळ कुठे आहे? हिशोब साधा आहे. माझी नोकरी गेली, तर मला त्याच दिवशी कळेल. तुझी गेली, तर कधी कळेल ते सांग."

मी उत्तरासाठी थांबले, खरंच थांबले, कारण त्याच्याकडे उत्तर असतं तर मला हवं होतं. मग त्याने फोन उचलला आणि नव्या कंपनीला कळवलं, की परवान्याची गरज नाही.