ज्वालामुखीवर एकदाच विचारतात

मुलीने फोनवर विचारलं, "आई, बाळ आलं की तू इकडे राहायला येशील का?" आणि मी म्हटलं, "अगं कशाला! तुमचं घर केवढंसं, त्यात माझी अडचण."

आता कुठल्याही मराठी माणसाला विचारा, या वाक्याचा अर्थ काय? अर्थ असा, की माझी बॅग भरायला काढली आहे, डिंकाच्या लाडवांची तयारी झाली आहे, तू फक्त अजून दोनदा विचार. पण माझी मुलगी नॉटिंगहॅमला जन्मली, नॉटिंगहॅमला वाढली. ती म्हणाली, "ओके आई, नो वरीज," आणि फोन ठेवला. मी वाट बघत बसले. आठवड्याने तिचा फोन आला. "आई, सगळं सॉर्टेड! माझी सासू येणार आहे. सहा आठवडे."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जावई स्पॅनिश, तो सोन्यासारखा आहे, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि बर्मिंगहॅमला तिच्या घरी जाऊन ते करणार कोण, तर तेनेरिफ बेटावरची विहीण! तिलाही मुलीने एकदाच विचारलं होतं. ती बाई, काही लाज ना लज्जा, पहिल्या फटक्यात हो म्हणाली.

"मग तूही हो म्हणायचं होतंस," आमचे हे म्हणाले. हे निवृत्त सर्जन आहेत. दुखणं कुठे आहे ते न बघताच कापायला घेतात.

"असं लगेच हो म्हणतात का कोणी?"

"मग आता फोन करून येते म्हण."

"आपणहून? बोलावल्याशिवाय?"

"बोलावलं होतं," असं म्हणून हे टोमॅटोंना पाणी घालायला गेले.

मी स्पॅनिश शिकायचं ठरवलं. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. बाळाला कसं न्हाऊमाखू घालायचं, लेकीला काय खायला द्यायचं, हे निदान सांगता तरी यावं. आणि वेळ आलीच तर भांडताही यावं. त्यांच्याच गावात पंधरा दिवसांचा वर्ग सापडला. "आमच्याकडेच राहा," असा त्यांचा निरोप मुलीने दिला. मी म्हटलं, "नाही गं, त्यांना कशाला त्रास." त्यामुळे मी एका पबच्या वरच्या खोलीत राहिले. खाली दिवसभर इंग्लिश ब्रेकफस्ट मिळे, आणि वासही दिवसभर वर येई.

वर्गात आम्ही सगळे ब्रिटिश पेन्शनर. तिथे घरं घेऊन वर्षानुवर्षं राहिलेली ही माणसं "परदेशी लोक आपल्या देशात येऊन भाषा शिकत नाहीत" अशी तक्रार मधल्या सुट्टीत माझ्याकडे, इंग्रजीतून, करत. मी मान डोलवत असे. मग त्यांना एकदम माझा चेहरा दिसे आणि ती घाईघाईने म्हणत, "नॉट यू, लव्ह."

मास्तर तरुण होता. एकदा त्याने हॉटेलचा प्रसंग करायला दिला. तो वेटर, मी गिऱ्हाईक. मासे हवेत? मी म्हटलं, "नो, ग्रासियास." बटाटे? "नो, ग्रासियास." तो पुढच्या टेबलाकडे गेला. मी त्याला हाक मारून म्हटलं, अरे, आता पुन्हा विचार ना! तो म्हणाला, "सेन्योरा, तुम्ही नको म्हणालात." सगळा वर्ग हसला. मला जेवायला मिळालं नाही ते नाहीच.

दुसऱ्या रविवारी विहीणबाई मला ज्वालामुखीवर घेऊन गेल्या. बेटाच्या मधोमध तो बसलाय, अजून जिवंत. पाहुणा आला की त्याला तिथे चढवायचं, ही तिथली पद्धत असावी. बरंचसं अंतर केबल कारने गेलो, पण शेवटची चढण पायीच. काळे दगड, झाड म्हणून नाही, हवा विरळ, आणि थंडी अशी की दात वाजायला लागले. मी कार्डिगन घालून गेले होते. विहीणबाई माझ्याच वयाच्या, पण पहाडी बाई. दोन पावलं चालून मी थांबले की त्या गाणं गुणगुणत उभ्या राहत.

त्यांनी पिशवीतून जाडसर जाकीट काढून पुढे केलं. मी म्हटलं, "नो, नो, ग्रासियास." त्यांनी खांदे उडवले आणि जाकीट परत आत ठेवलं. मग आम्लेट घातलेला पाव काढला, अर्धा माझ्यापुढे धरला. पोटात कावळे ओरडत होते. तोंडातून निघालं, "नो, ग्रासियास." बाईंनी दोन्ही अर्धे शांतपणे खाल्ले, माझ्या डोळ्यांसमोर. सूड म्हणून मी चिवड्याचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, आता या नको म्हणतील, मग मी दाखवते आग्रह कसा करतात ते. त्या "सी!" म्हणजे हो म्हणाल्या आणि सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले. कप्पाळ माझं.

वर पोचलो. खडकांच्या भेगांतून वाफ येत होती, नासक्या अंड्यांचा वास सुटला होता. एका भेगेजवळ जमीन चक्क कोमट होती. तिथे आम्ही दोघी विहिणी चुलीपाशी बसल्यासारख्या हात शेकत बसलो. तेव्हा विहीणबाई बोलायला लागल्या. सावकाश, सोपे शब्द निवडून, हातवारे करत. तुझी मुलगी. आधी तुला विचारते. तू नको म्हणतेस. आणि त्यांनी दोन बोटं डोळ्यांखालून गालावर ओढली. खूप, म्हणाल्या. खूप. नंतर मला विचारते.

रडली? माझी पोरगी? आणि मला "नो वरीज" म्हणाली?

"पोर के?" त्यांनी विचारलं. का?

आता आग्रह ही वस्तू स्पॅनिशमध्ये कशी सांगायची? पण तेवढे शब्द होते माझ्याकडे. मी म्हटलं, मला जायचं आहे. मला खूप जायचं आहे. मला हवं, तिने पुन्हा विचारावं.

विहीणबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की बाजूचे जर्मन वळून बघायला लागले. हसता हसता थांबल्या आणि चिडल्या. बरंच काही बोलल्या, त्यातलं मला "लोका" एवढंच कळलं, म्हणजे वेडी. पिशवीतून जाकीट काढून त्यांनी माझ्या अंगावर जवळजवळ फेकलं. मग माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. फोन कर.

रेंज होती. ज्वालामुखीच्या डोक्यावर रेंज असते, मिल्टन कीन्सला माझ्या नणंदेच्या स्वयंपाकघरात नसते.

"आई? ठीक आहेस ना? काय झालं?"

"काही नाही. ते तू मला मागे विचारलं होतंस ना, ते परत विचार."

"काय?"

"बाळाचं."

पलीकडून बारीक आवाजात, लहानपणी भांडण झाल्यावर बोलायची तशी, "आई, बाळ आलं की तू इकडे राहायला येशील का?"

देवाशपथ सांगते, "अगं कशाला" ओठांपर्यंत आलं होतं. शेजारी विहीणबाई चिवड्याचा घास तोंडात धरून, चावायचं थांबून, माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

"शुअर? म्हणजे, यू डोन्ट हॅव टू..."

"हो म्हटलं ना! येणार! डिंकाचे लाडू घेऊन येणार, आणि तुझ्या सासूबाईही येणार, आणि आम्ही दोघी तुझ्या त्या एवढ्याशा घरात राहणार!"

ती रडायला लागली. मघाशी बोटांनी दाखवलं होतं, तसंच असणार. मी म्हटलं, "वेडाबाई, आता कशाला रडतेस," आणि माझाच आवाज फुटला.

विहीणबाईंनी रुमाल पुढे केला. एकदाच. मी लगेच घेतला.