बाईंचं गीत लागतं

बाई चौथीच्या वर्गाला शिकवायच्या आणि गावातल्या चर्चच्या मंडळीसाठी उपासनेची गीतं लिहायच्या. मुलांना पाढे येतात तशी म्हाताऱ्यांना गीतं तोंडपाठ व्हावीत, म्हणून त्यांचे शब्द सोपे असत आणि ओळी आखूड. त्यांचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. बाईंचं गीत सगळ्यात आधी तेच वाचत, तेही उलट्या अक्षरांत. म्हणायचे, "तुझा देव मला नेहमी पाठमोराच भेटतो."

कोणी आजारी पडलं की बाई त्याच्यासाठी गीत लिहीत आणि रविवारी मंडळी ते गात असे. सुतार छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, त्याच्यासाठी लिहिलं. तो गेला. मग शाळेतल्या शिपायाची आई गेली. मग पेटी वाजवणारा तरणाताठा पोरगा. साधा ताप होता त्याला. रविवारी त्याच्यासाठी गीत झालं आणि त्याच आठवड्यात त्याला पुरलं.

आधी कोणी काही बोललं नाही. फक्त बाई हातात कागद घेऊन आत आल्या की बाकांवरची कुजबुज थांबायची. मग एकदा शिपाई घंटा देता देता म्हणाला, "बाईंचं गीत लागतं माणसाला." झालं, ते गावभर पसरलं. एका आईनं मुलीला वर्गात मागच्या बाकावर बसवायला सांगितलं. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली, "तिला खडूची धूळ सोसत नाही."

चर्चच्या पाळकांच्या कानावर गेलं तेव्हा ते भडकले. भर उपासनेत त्यांनी सगळ्यांची खरडपट्टी काढली. "जन्ममरण देवाच्या हाती आहे, चौथीच्या बाईंच्या नाही! असलं मनात आणणं पाप आहे."

बाई घरी येऊन यजमानांना म्हणाल्या, "एक माणूस तरी माझ्या बाजूनं उभा राहिला."

पुढे पाळकांनाच कावीळ झाली. बाई शाळेतून आल्या त्या थेट लिहायला बसल्या. पहिलं कडवं होतंय तोच दारात पाळकांची बायको उभी. बसायला सांगितलं तरी बसेना. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"बाई, रागावू नका. एक मागणं आहे."

"बोला ना, ताई."

"यांच्यावर गीत लिहू नका."

"तुम्हीसुद्धा यावर विश्वास ठेवता?"

"मी नाही हो," ती खाली बघत म्हणाली. "त्यांनीच पाठवलंय मला."

बाईंनी तिच्यासमोर कागद फाडला.

पाळक बरे झाले, आणि तेच बाईंना भोवलं. ज्याच्यावर लिहिलं नाही तोच वाचला म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं होतं? रस्त्यात ओळखीची माणसं कडेकडेनं जाऊ लागली.

मग बाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. बाईंनी स्वतःवरच गीत लिहिलं आणि यजमानांच्या हातात दिलं.

"हे छापायलाच हवं का?"

"घाबरलात?"

"मी कशाला घाबरू?" ते म्हणाले, आणि पहिलीच ओळ चुकीची जुळवली.

रविवारी पेटीला हात लावायला कोणी पुढे येईना. बाई एकट्याच गायल्या. दुसऱ्या कडव्याला यजमान उठले. सूर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत ते बाईंसोबत उभे राहिले. बाकी सगळे पायांकडे बघत बसले होते. पाळकही.

गाठ साधी निघाली. बाई वर्गात परतल्या. आता तरी हे थांबेल असं त्यांना वाटलं. शिपाई म्हणाला, "करणाऱ्याला स्वतःचं लागत नसतं." हे ऐकून नवराबायको पोट दुखेपर्यंत हसली.

पण वर्ष सरायच्या आत यजमानांना खोकला जडला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर नीट काही सांगेनात. एका संध्याकाळी उशीला टेकून ते म्हणाले, "आता माझ्यावर लिही. एकदाचं होऊन जाऊ दे. जगलो तर सगळ्यांची तोंडं बंद."

"आणि नाही जगलात तर?"

यजमान उशीवरून सरळ झाले. "तूसुद्धा?"

बाई उठून पाणी तापवायला गेल्या.

यजमान बरे झाले. छापखाना सोडला आणि दोघं पुढे बरीच वर्षं एकत्र जगली. बाई निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. गीत मात्र पुन्हा एकही लिहिलं नाही, आणि यजमानांनीही परत कधी मागितलं नाही.